मी पाच अंश जास्त सांगितले

मी एक जुना काचेचा तापमापक आहे. मित्रांनो, मी आयुष्यभर खरं बोललो, फक्त दीड वर्ष खोटं. पण त्या दीड वर्षात एका म्हाताऱ्या माणसाचं जे झालं, ते मला विसरता येत नाही.

माझी उमेदीची वर्षं धुळ्याच्या एका डेअरीत गेली. तिथे अमृत आबा दही लावत. बर्फाच्या पाण्यात बुडवून मी बरोबर शून्य दाखवतो का, हे पाहिल्याशिवाय ते मला दुधाला लावत नसत. शेवटचा शब्द मात्र त्यांच्या जिभेचा. चमचाभर दही तोंडात धरून ते सांगत, दूध पातळ होतं की विरजण जास्त पडलं. मालकसुद्धा मान डोलवायचा. निवृत्त झाले तेव्हा आबा मला खिशात घालून जळगावला, मेहरूणला मुलाकडे आले.

मुलगा धर्मेंद्र. त्याला घरी बिअर करायचा नाद. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, गरम पाण्यात तासभर मुरवायचा, गाळून उकळायचा आणि थंड करून त्यात यीस्ट घालायचं. सगळा खेळ मुरवण्याच्या त्या तासाचा. पाणी अडुसष्ट अंशांवर राहिलं तर बिअर अंगाने भरदार होते, तोंडात रेंगाळते. पाचेक अंश कमी पडले की जवाची जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि हाती उरतं पांचट पाणी. अंश मोजायचं काम माझं, चाखायचं आबांचं. बापलेकांचं तेवढ्यावर छान जमलं होतं.

एके दिवशी मी धर्मेंद्रच्या हातून ओट्यावर पडलो. फुटलो नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पण माझ्या आतली लाल रेघ तुटली होती. तांदळाच्या कणीएवढी फट पडून वरचा तुकडा पाच अंश वर सरकला होता. आबांच्या डोळ्यांना ते दिसेना आणि धर्मेंद्रने ना निरखून पाहिलं, ना बर्फात घालून तपासलं. आबांचा तापमापक चुकेल कसा? मी त्रेसष्टला अडुसष्ट म्हणू लागलो.

"पोरा, हाई तं पानी शे," आबा पहिला घोट घेऊन आपल्या अहिराणीत म्हणाले. "तोंडमा काहीच टिकस नही."

धर्मेंद्रने पुढच्या वेळी ओट्स घातले. मग गहू घातला, ज्वारीच्या लाह्याही घालून पाहिल्या. माझ्याकडे बघून तो समाधानाने मान हलवायचा आणि आबा दर वेळी तेच म्हणायचे. शेवटी चार मित्र घरी जेवायला आले होते, तेव्हा त्यांच्यादेखत तो भडकला. "आबा, तुमची जीभ गेली आता. उगाच नावं ठेवू नका."

आबांनी पेला खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी कशालाही नाव ठेवलं नाही. आमटी खारट झाली तरी चांगली, दही आंबलं तरी चांगलं. घरच्यांना वाटलं, म्हातारा निवळला. मला सगळं कळत होतं, पण काचेला तोंड कुठलं?

मग एकदा सून दिपमाला बाटल्या धुवायला पाणी उकळत होती. तिने सहज मला त्यात बुडवलं. "अहो, जळगावचं ऊन कितीही तापो, पाणी एकशे चारवर कसं उकळेल?"

धर्मेंद्रने मला उजेडात धरलं. फट पाहिली आणि तो तसाच बाजाराकडे निघाला.

त्याने नवा तापमापक आणला, पुन्हा जव मुरवला. तीन आठवड्यांनी पेला भरून आबांसमोर धरला. "आबा, तुमची जीभ बरोबर होती. माझं चुकलं."

आबांनी घोट घेतला. "चांगली शे."

धर्मेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मनात पाल चुकचुकली. त्याने जुन्या, पांचट बिअरची उरलेली बाटली उघडली आणि दुसरा पेला पुढे केला.

आबांनी त्यातलाही घोट घेतला, आणि मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काय ऐकायचंय, याचा अंदाज घेत होते.

"हाई बी चांगली शे," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता ओट्याच्या खणात पडून असतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला अधूनमधून बर्फाच्या पाण्यात घालून तपासा. आमच्या चुका अशा सापडतात, दुरुस्तही होतात. पण घरात कुणी खरं सांगणारं असेल, तर त्याला चारचौघांत गप्प करू नका. ते माणूस नंतर गोड बोलतं, आणि तुम्हाला पुन्हा कधीच काही कळत नाही.