एकोणीसशे वर्षांच्या बाळाचा मामा

"भागाबाई, एवढी वांगी कुणाच्या लग्नाची?" ओट्यावर पाय ठेवता ठेवताच शालिग्राम मास्तरांनी विचारलं.

मास्तर मिशनचे उपदेशक. नाताळ जवळ आला की एरंडोलहून निघून गावोगाव फिरायचे आणि सण साधा कसा करावा ते सांगायचे. त्यांच्या हिशेबात नाताळ म्हणजे एक प्रार्थना, दोन गीतं आणि कपभर चहा. भागाबाईच्या ओट्यावर मात्र भरताच्या हिरव्यागार वांग्यांचा ढीग पडला होता आणि ती त्यातली किडकी वेगळी काढत बसली होती.

"लगन कशानं, मास्तर? नाताय शे ना. बठ्ठा गावले जेवाले बलावसू."

"सगळ्या गावाला? अहो, प्रभू गोठ्यात जन्मला. आपण पोट फुटेस्तोवर जेवायचं म्हणजे मनाला टोचायला नको का?"

"गोठामा जलमना ना? मंग त्या बायतीन मायले कोनी नुसता चहा पाजा व्हई का?" भागाबाई म्हणाली. "घरमा पोऱ्या व्हयना आनि गावले घास नही? माले ते टोचस."

मास्तरांनी पुनाकडे पाहिलं. पुना तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी तो मरता मरता मिशनच्या दवाखान्यात वाचला आणि बरा होऊन आला तो ख्रिस्ती होऊनच. त्याच्या मागं सारं घर गेलं. आता तो दोर वळत होता आणि बायकोच्या बोलण्यात पडण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. रामराम चालू होता, बैल मागायला लोक येत होते, फक्त त्यांच्या घरी पाणी कुणी पीत नव्हतं. त्याचं भागाबाईला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते लोटनचं. लोटन तिचा पाठचा भाऊ, नदीच्या पलीकडच्या गावचा. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. तीन भाऊबीजा तिनं पाट मांडला, रांगोळी घातली, आणि तिन्ही वेळा तो पाट तसाच उचलून ठेवला. लोटनचा राग नव्हता, त्याला भीती होती. अक्काकडे जेवलो तर लोक काय म्हणतील, ही. या वर्षी तो आपल्या घरात जेवला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. बाकीचं गाव त्याच्यासोबत जेवलं तर बरंच.

दुपारी ती पारावर गेली. मास्तर तिला अडवायला मागोमाग. पारावर झिपरू नाना बसले होते. गावात काय चालतं आणि काय चालत नाही, ते नाना सांगायचे. आजूबाजूला चार-पाच जण होते. भरीत म्हटल्याबरोबर त्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण जेवायला जायचं तर कारण हवं होतं.

"भागा, नातायनं जेवन आपले चालत नही," नाना म्हणाले.

"नाताय म्हनू नका ना, नाना. बारसं म्हना."

"बारसं? कोना पोऱ्यानं?"

"देवना पोऱ्यानं."

नानांनी डोळे मिटून विचार केला. "पोऱ्या जलमना म्हनजे सोयर लागनी. दहा दिन त्या घरनं पानीबी चालत नही."

सगळ्यांचे चेहरे उतरले. भागाबाई मात्र हलली नाही. "नाना, पोऱ्याले जलमीसन एकोनीसशे वरीस व्हयनात. सोयर कवयच फिटनी."

नाना बोटांवर काहीतरी मोजू लागले. एकोणीसशेतून दहा दिवस वजा करायला त्यांना बराच वेळ लागला. "फिटनी," त्यांनी जाहीर केलं. पारावर आनंद पसरला.

"पन इतला जुना पोऱ्यानं बारसं आते?" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाव ठेवाले उशीर व्हयना म्हनून जेवन बुडावतस का?" भागाबाईनं फटकारलं. सगळ्यांनी घाईघाईनं माना डोलावल्या.

नानांनी हात वर केला. "मामा कोन शे? मामाना अंगडा-टोपडाबिगर बारसं व्हत नही." मग ते मास्तरांकडे वळले. "त्या पोऱ्यानी मायले भाऊ व्हता का?"

मास्तर गडबडले. "शास्त्रात तसा उल्लेख नाही."

"भाऊ नव्हता, असं लिखेल शे का?"

"तसंही नाही."

"मंग व्हता," नाना म्हणाले. "पन तो आते कोठे सापडी? ज्या घरमा बारसं, त्या घरनी बाईना भाऊ तोच मामा. लोटनले निरोप धाडा. झिपरू नानानं बलावं शे म्हना. मामा जेवाबिगर कोनी भाकर मोडानी नही."

भागाबाईनं पदर तोंडाला लावला. हेच ऐकायला ती पारावर आली होती.

नाताळच्या दिवशी सकाळपासून थंडी अंगाला झोंबत होती. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ केला, त्यात वांगी भाजली आणि धूर साऱ्या गावभर फिरला. मग ती सोलून हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात घातली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चळत लागली. लोक आले, रांगेनं बसले, समोर केळीची पानं वाढून झाली. सगळे नदीच्या वाटेकडे बघत बसले.

लोटन येईना.

"थोडंसं चाखीसन देखूत का?" एक जण कुजबुजला.

"मामा येवापाईन नही," नानांनी दटावलं. पण त्यांचाही हात दोनदा पानाकडे गेला होता.

भागाबाई दारात उभी होती. आतला पाट रिकामाच होता. भाकरी निवत चालल्या, आणि एवढ्या लोकांसमोर आता आपली शोभा होणार, असं तिला वाटू लागलं.

तेवढ्यात वाटेवर लोटनचा फेटा दिसला. तो आला, उंबरठ्याबाहेर थांबला. काखेत लाल अंगडं-टोपडं होतं, जरीच्या काठाचं.

"अक्का, नानाना शबदवर उनू मी," तो खाली बघत म्हणाला. "पोऱ्या कोठे शे? हाई ठेवस नि जास."

"गोठामा."

गोठा घराच्या मागं. तिथं जायला वाट एकच, घरातून. लोटननं नानांकडे पाहिलं. नानांनी मान डोलावली. लोटननं उंबरठा ओलांडला, स्वयंपाकघरातून गेला आणि गव्हाणीत कडब्यावर अंगडं-टोपडं नीट मांडून ठेवलं. तिथं बाळ नव्हतं. पण मामा म्हणून त्यानं हात जोडले. तो वळला, तेवढ्यात गाईनं टोपडं चघळायला घेतलं.

"अक्का! गाय टोपडं खाई ऱ्हायनी वं!"

"खाऊ दे. तिनाच गोठामा जलमना तो."

लोटन हसला. तीन वर्षांनी तिनं त्याचं हसणं ऐकलं आणि तिला रडू फुटलं. तो परत जायला निघाला तर वाटेत पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, पान वाढलेलं. बाहेरून सगळं उपाशी गाव एका आवाजात ओरडलं, "बस रे बो!"

लोटन बसला. त्यानं भाकरी मोडली, आणि अंगणभर भाकरी मोडल्याचा आवाज झाला.

मास्तरांनी तिसऱ्यांदा भरीत घेतलं तेव्हा पुना त्या दिवसात पहिल्यांदा बोलला. "टोचस का, मास्तर?"

तोंड भरलेलं असल्यामुळं मास्तरांनी नुसतीच मान हलवली.

हात धुताना लोटन बराच वेळ पाणी हातावर घेत राहिला. मग हळूच म्हणाला, "अक्का, पुढला सालले हाऊच पोऱ्या का दुसरा?"

"हाऊच."

"मंग अंगडं जरा मोठं आनसू," लोटन म्हणाला.