टँकरवाल्याची निळाई

चैत्राचं ऊन माणदेशाच्या माळावर उतरलं होतं. तांबूस, तप्त, तृषार्त. बाभळीची सावली बाभळीखालीच अंग चोरून बसली होती. त्या धूळधूसर वाटेनं मायाप्पा कोळेकर आपल्या बायकोला, हौसाबाईला, दवाखान्यातून घरी आणत होता, आणि घर जवळ येईल तसा त्याचा पाय जड होत होता.

दारातल्या मुरमाड वाफ्यात हौसाबाईची विष्णुक्रांता होती. तिनंच माळावरून आणलेली. भुईसरपट, रुपेरी लवेची, नखाएवढ्या नीलवर्ण फुलांची. दुष्काळामागून दुष्काळ गेले, तरी आपली आपण फुलणारी. हृदयाच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या दवाखान्यात पुढं जाताना हौसाबाई एवढंच म्हणाली होती, "माझी निळाई तेवढी संभाळा."

आणि मायाप्पा पडला टँकरवाला. बारा वाड्यांची तहान भागवणाऱ्या त्या भल्या माणसाला दुखण्यावर औषध एकच ठाऊक, पाणी! टँकरच्या तळाशी उरेल ते सगळं तो वाफ्यात ओतू लागला. सकाळी बादली, सांजेला बादली. पान पिवळं पडलं, त्यानं बादली वाढवली. देठ काळे पडले, त्यानं आणखी वाढवली. निळाई जगली तर हौसा जगेल, असं त्याच्या खुळ्या मनानं धरलं होतं. शेवटी वाफ्यात नुसता चिखल उरला, आणि ऑपरेशनच्या दिवशी तो मिरजेला गेला.

एकवीस दिवस तो तिच्या उशाशी बसला. तिला पाणी मोजून द्यायचं होतं. याच्या हातातला काठोकाठ पेला सिस्टरनं दोनदा काढून घेतला.

"फुलतीया न्हवं?" हौसाबाई रोज विचारायची.

"फुलतीया की," तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

आता दार आलं. मायाप्पानं डोळे गच्च मिटून घेतले.

"हौसा, मीच मारली तिला. पाणी घालघालून बुडवली. खोटं बोललो तुझ्यापाशी."

हौसाबाई वाफ्याशी टेकली. छातीवरच्या टाक्यांवर तळहात ठेवून हळूच हसली.

"आधी डोळं तर उघडा."

चिखल वाळून भेगाळला होता. आणि त्या तहानलेल्या, तापलेल्या भेगेतून, जुन्याच मुळातून, दोन रुपेरी कोंब वर आले होते. एकावर फूल होतं. इवलं, निळं, निवांत.

"तुमी तिकडं माझ्यापाशी व्हता, म्हणून वाचली बापडी. मुळाला जरा कोरडं मिळालं. मला न्हाई का, त्या सिस्टरनं तुमच्या पेल्यातनं वाचवलं?"

मायाप्पा त्या फुलावर ओणवा झाला. एकवीस दिवस कोंडलेला श्वास सुटला. हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि पांढऱ्या मिशांवरून ओघळू लागलं.

"आवं, सरका की मागं!" हौसाबाई म्हणाली. "आता डोळ्यातलं बी घालताय व्हय तिला?"

तो सरकला. वाफ्याकाठची बादली त्यानं पालथी घातली आणि तिच्यावर हौसाबाईला बसवलं. माळावर ऊन तसंच होतं, तांबूस, तप्त, तृषार्त. आणि तिच्या पायाशी, कोरड्या भुईवर, नखाएवढं निळं आभाळ उमललेलं होतं.