चिठ्ठीचं उत्तर

"मिस्टर वेंडल, एकतीस वर्षं कोर्टात काढलीत तुम्ही. तुम्हाला ठाऊक असणारच. जन्मठेप दिली तर हा पोरगा पुढे सुटतो का हो?"

ज्युरीच्या खोलीच्या दारात त्यांच्या प्रमुख, फोरमनबाई, चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या.

"बाई, मला तोंड दिलंय ते फक्त 'सगळे उभे राहा' म्हणायला," ज्युरीची ने-आण बघणारा बेलिफ वेंडल मॅनिगो म्हणाला. "बाकीचं जज्जबाईंना विचारा."

"तेच लिहिलंय. आमच्यातले आठ जण म्हणतात, पन्नाशीत बाहेर येऊन पुन्हा कुणाला मारलं तर? त्यापेक्षा मृत्युदंड बरा."

वेंडलने चिठ्ठी घेतली. बावीस वर्षांच्या टेरेन्सने पेट्रोलपंपावरच्या माणसाला गोळी घातली होती, यात वाद नव्हता. आणि त्याच्या जन्मठेपेला पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सुटका, नाही, हे वेंडलला पक्कं ठाऊक होतं. पण बेलिफाने ज्युरीशी खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तरुणपणी त्याने नेमकी हीच चिठ्ठी नेली होती. त्याही कैद्याला पॅरोल नव्हता, पण तेव्हाचे जज्ज म्हणाले, "त्याचा विचार करू नका." वीस मिनिटांत ज्युरी मृत्युदंड घेऊन बाहेर आली. वेंडल मूग गिळून बसला होता, आणि ते मूग त्याला आजवर पचले नव्हते.

जज्जबाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. बाईंनी त्यांना हातानेच बसवलं आणि ज्युरीला आत बोलावलं.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. जन्मठेप झाली तर याला पॅरोल कधीच मिळणार नाही. तो तुरुंगातच मरेल."

ज्युरीच्या मागच्या रांगेतला एक म्हातारा पुटपुटला, "मग आधीच सांगायचं की!"

तासाभराने निकाल आला: जन्मठेप. वेंडलने मनोमन देवाचे आभार मानले, आणि देवाच्या खालोखाल जज्जबाईंचे.

बाहेर टेरेन्सची आई, मिस अर्लीन, वेंडलचा हात धरून म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे."

"मी काय केलं? चिठ्ठी नेली."

"नेलीत ना." तिने डोळे पुसले. "त्याला भेटायला कधी सोडतात?"

"रविवारी."

"या रविवारी?"

"दर रविवारी, मिस अर्लीन."

"अगं बाई, मग माझं चर्च बुडणार की," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून हळूच बाकावर बसली.