फुंकणी

धाकट्या भावाला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तेव्हा मीच म्हणाले होते, बरं झालं, आता तरी सुधारेल. दंड झाला, परवाना गेला. पुढे तो परत मिळाला, पण एका अटीवर. आमच्या बेकरीच्या गाडीत एक यंत्र बसवायचं आणि दर वेळी त्यात फुंकायचं. श्वासात दारू नसेल तरच गाडी सुरू होणार. मी त्याला फुंकणी म्हणायचे. धाकटा हसायचा, पण तेव्हापासून त्याने बाटलीला हात लावला नाही.

काल सकाळी पाव गाडीत चढवले, त्याने फुंकलं आणि यंत्रावर लाल दिवा लागला. गाडी जागची हलेना. धाकटा पांढराफटक पडला.

"ताई, मी आत्ताच पीठ चाखलं गं!"

आंबलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बघायची, ही आमच्या बाबांची सवय. आम्हा दोघांनाही ती लागली आहे. आंबलेल्या पिठात थोडी दारू तयार होतेच.

मी त्याला घेऊन तडक परवाना कार्यालयात गेले. यंत्राने आपोआप निरोप धाडून चहाडी आधीच करून ठेवली होती.

"परवाना कायमचा रद्द," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"अहो, पीठ होतं तोंडात! चूळ भरून पुन्हा फुंकू द्या की."

"शेजारच्या राज्यात देतात तशी संधी. आपल्या कायद्यात नाही."

"म्हणजे नदीपलीकडे हा निर्दोष आणि इथे दारुडा?"

"कायदा मी केलेला नाही, ताई. पुढचे या."

मी तोंडाला येईल ते बोलले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला गाडी येत नाही, दुसरा ड्रायव्हर परवडत नाही. धाकटा मान खाली घालून उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं मी मोठ्याने म्हणाले, तरी त्याने वर पाहिलं नाही.

घरी पोचलो. कुलूप काढता काढता माझा हात थांबला. त्याला पीठ चाखताना मी पाहिलं कुठे होतं? मी तर भट्टीकडे तोंड करून उभी होते.

"खरंच पीठच होतं ना रे?"

 तो जवळ आला आणि डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं.

"हुंग, ताई."

इतक्या वेळाने काय कळणार होतं? मला रडू आलं. तरी मी वाकले. नुसता चहाचा वास आला.

मी पुन्हा एकदा हुंगलं.