सहा महिन्यांच्या संचालिका

मित्रांनो, रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीत गोरगरिबांचे डोळे तपासणारी एक संस्था आहे. तिची जुनी जीप ती मीच. नागपूरला माझी बॉडी बांधली तेव्हा रंग हिरवागार होता. आता तो नेमका कोणता, हे सांगणं कठीण आहे. माझ्या मागच्या बाकांवर बसून शेकडो म्हातारी माणसं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली आणि जाताना खिडकीतून झाडं मोजत गेली.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमचे संचालक यशवंतराव अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. कोणत्या गावात कधी जायचं, कोणाला निरोप द्यायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. महिनाभर मी अंगणात उभी राहिले. चाकांभोवती गवत वाढलं. शेवटी विश्वस्त श्यामरावांनी नवा संचालक मिळेपर्यंत, फक्त सहा महिन्यांसाठी, वनमालाबाईंना नेमलं. त्या रेल्वेच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्या ऑफिसात न जाता माझ्यात बसल्या आणि यशवंतरावांच्या घरी निघाल्या. त्यांची खाट ओट्यावरच होती. बाईंना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"माझी जागा घ्यायले आल्या काय?" त्यांची जीभ अडखळत होती.

"नाही भाऊ. काम बंद पडू नये म्हणून आली. आरंगच्या म्हाताऱ्यांले निरोप कोण देते, तेवढं सांगा मले."

यशवंतरावांनी तोंड पुन्हा इकडे वळवलं आणि ते सांगू लागले. बाई वहीत लिहीत गेल्या. असे आम्ही बारा दिवस गेलो.

आरंग गावात डोळ्यांचं शिबिर ठरलं, पण डॉक्टर आलेच नाहीत. डोळे तपासणारी आमची नर्स ज्योती धावत आली. "दीदी, लोग वापस जा रहे हैं! काय करू?"

"मले काहून विचारून राहिली? दहा वर्षं झाली तुले इथं. तू ठरव."

ज्योती गर्दीकडे वळली. मग माझ्या पायरीवर चढून तिने सगळ्यांना हाक मारली. डोळे तपासून, ऑपरेशन लागणाऱ्या बावीस जणांना तिने रायपूरच्या दवाखान्यात नेलं. माझ्या तीन खेपा झाल्या. इंजिन तापलं, पण मी कुठेही बंद पडले नाही!

सहा महिने संपले. फाटकापाशी श्यामराव म्हणाले, "बाई, आता तुम्हीच कायम राहा."

"माझी मुदत झाली. संचालक तुमच्या संस्थेतच आहे, ज्योतीले करा."

"ती? ती तर साधी नर्स आहे."

"त्या बावीस जणांले विचारून पाहा."

श्यामराव खरंच माझ्यात बसून आरंगला गेले. तिथे जो तो ज्योतीचंच नाव घेत होता. पुढच्या सोमवारी ज्योती संचालक झाली. वनमालाबाईंनी वही तिच्या हातात दिली, माझ्या बॉनेटवर एक थाप मारली आणि सायकलरिक्षाने घरी गेल्या.

मित्रांनो, एखादं काम तुमच्या हाती थोड्याच दिवसांसाठी येईल. तरी ते आपलं समजून जपा, आणि पुढच्याला देताना धडधाकट, चालतं असं द्या.