खून होना

इसाक मास्तरांच्या उर्दूला रिसोडात कोणी नावं ठेवत नसे, कारण ती कोणाला कळतच नसे. तीस वर्षं उर्दू शाळेत घालवून रिटायर झालेला माणूस. नव्या मोठ्या मशिदीत माइकवरून एलान करायचं काम कमिटीनं त्यांना दिलं, आणि महिनाभरातच इमामसाहेबांनी हात जोडले. "मास्तर, सादं बोला हो. तुमचा एलान समजून घ्यायला लोक माझ्याकडे येतात." मास्तरांना ते झोंबलं. पण त्यांनी ऐकलं, आणि ऐकलं म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

मशीद म्हणजे नुसती नमाजाची जागा नव्हे बरं का. नमाज वर, आणि खाली दोनशे माणसं बसतील असा हॉल. तिथे बायांचा शिलाईचा वर्ग, दहावीची शिकवणी, डोळ्यांची तपासणी. गावात कोणाच्याही घरी लग्न निघालं की मोठी पातेली इथूनच जात. त्या शुक्रवारी रक्तदान शिबिर होतं. वाशीमहून रक्तपेढीची गाडी आली होती, सोबत डॉक्टर साधनाताई. चार वाजेपर्यंत एकोणचाळीस पिशव्या भरल्या. खोकी बांधायला घेतली तेवढ्यात तांड्यावरचा मोहनसिंग राठोड धापा टाकत आत शिरला. मागे त्याची आई रामीबाई, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही.

मोहनसिंगाच्या बायकोची, संगीताची, समोरच्याच दवाखान्यात सुटका झाली होती. पोरगी चांगली रडली, पण संगीताचं रक्त थांबेना. त्याच्या हातातली चिठ्ठी साधनाताईंनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. ओ निगेटिव्ह. एकोणचाळीस पिशव्यांत तशी एकही नव्हती.

"वाशीमहून मागवायची तर दीड तास," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर मनते तासभराच्या वर नाई निंगत ते," मोहनसिंग म्हणाला.

"माझं घ्या," मास्तर बाही सरसावत पुढे आले. "माझं ओ निगेटिव्हच आहे."

"वय किती?"

"सदुसष्ट."

"पासष्टच्या पुढे नाही घेता येत, मास्तर."

मास्तरांना स्वतःच्या वयाची कधी नव्हे इतकी चीड आली. हेच रक्त अंगात घेऊन आपण इथे खांबासारखे उभे, आणि तिकडे लेकराची माय चालली! ते तडक माइकच्या खोलीत गेले. इल्तिजा नको, दरख्वास्त नको, हमालालाही कळेल असं बोलायचं. त्यांनी बटण दाबलं आणि गावच्या रोजच्या हिंदीत सांगितलं, "सुनो भाई. मोहनसिंग राठोड की औरत संगीता. उसको खून होना. मस्जिद के हॉल में, जल्दी आओ. ओ निगेटिव्ह."

हिंदीत खून म्हणजे रक्त, आणि आपल्याकडच्या हिंदीत 'होना' म्हणजे पाहिजे. चाय होना, पानी होना. हॉटेलातलं पोरगंही तसंच बोलतं. पण मार्केट यार्डात सोयाबीनच्या चाळण्या घरघरत होत्या, वारा उलटा होता, आणि ऐकणारे मराठी. तिथवर तीनच तुकडे पोचले. संगीता. खून. मस्जिद के हॉल में.

आणि यार्डात त्या वेळी काट्यावर पोतं चढवत होता वीरेंद्र, संगीताचा थोरला भाऊ.

दहा मिनिटांत मोहल्ल्यातले सहा जण आले. साधनाताईंनी प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घेतला. सहाही नापास. सातवा कोणी येतो का म्हणून मास्तर दाराकडे बघत होते, तर दारातून माणूस नाही, गलका आला.

"माही बहीण कुठी हाय? कोनं मारलं तिले? भाईर काढा त्याले!"

फाटकापाशी चाळीसएक माणसं होती. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात पोत्याचा आकडा. मशिदीतल्या दोघांनी घाबरून फाटकाला कडी घातली, आणि मग तर बाहेरच्यांची खात्रीच पटली. आतमध्ये प्रेत असल्याशिवाय कडी कशाला लावतील?

गाडीच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. "मॅडम, मागच्या दारानं निंगू. काच फुटली का मंग नोका मनू मले."

"गाडी गेली तर तपासणीचं सामान गेलं," साधनाताई म्हणाल्या. "ती बाई हातची जाईल." पण बोलता बोलता त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं थांबते, मास्तर. जास्त नाही."

मास्तर फाटकाकडे धावले. घाबरला की माणूस आपल्या मूळ बोलीवर जातो, तसे मास्तर आपल्या उर्दूवर गेले. "हज़रात, ये सरासर ग़लतफ़हमी है! खून का मतलब..."

"ऐकलं? खून मनते!" कोणीतरी ओरडलं.

पिवळ्या टीशर्टातला एक हमाल वाकला, उठला, आणि त्याचा हात मागे गेलेला मास्तरांनी स्पष्ट पाहिला. दगड भुवईच्या वर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, चष्मा पडला, आणि बाहेरचे फाटक हलवायला लागले.

तेवढ्यात मशिदीवरचे सगळे कर्णे एकदम खरखरले, आणि त्यातून बाईचा आवाज आला. त्या कर्ण्यांमधून बाईचा आवाज गावानं आजवर ऐकला नव्हता.

"ऐका रे मुडद्याहो! मी रामी, मोहनसिंगाची माय. माही सून जित्ती हाय. कोनाचाई खून नाई झाला! तिले रगत पायजे, रगत! ते समोरच्या दवाखान्यात पडून हाय अन् तुमी इथी फाटक तोडून राह्यले. दगड माराले हात हायेत ना? मंग रगत द्याले कायले नसन? ईरेंदर, मेल्या, हो अंदर अन् लाइनीत उभा राह्य!"

फाटक हलायचं थांबलं. वीरेंद्रनं काठी टाकली. "संगीताची सासू बोलून राह्यली," तो पुटपुटला, आणि मग लहान पोरासारखा ओरडला, "खोला ना लवकर!"

पहिलं बोट त्याचंच. बी पॉझिटिव्ह. त्यानं "पुन्हा पाहा" म्हणून दुसरं बोट पुढे केलं, साधनाताईंनी त्याला हातानंच बाजूला सारलं. मग एकामागून एक. नाही. नाही. हाही नाही. मास्तर कपाळाला रुमाल बांधून सगळ्यांना कापसाचे बोळे देत होते. दवाखान्यातून निरोप आला, संगीता हाकेला ओ देत नाही. रामीबाई भिंतीला टेकून एकेका बोटाकडे बघत राहिली.

अठराव्या बोटाला बोळा द्यायला मास्तरांनी मान वर केली, तर समोर पिवळा टीशर्ट. लखन नाव सांगितलं त्यानं. त्याची नजर मास्तरांच्या रुमालावर गेली आणि तिथून जी पळाली ती पायांवर. मास्तरांच्या डोक्यात सणक गेली. हाच तो हरामखोर! एक शब्द पुरे होता. शरमलेल्या वीरेंद्रनंच त्याची हाडं मोकळी केली असती. शब्द मास्तरांच्या ओठावर आलाही.

"ओ निगेटिव्ह!" साधनाताई किंचाळल्याच. "झोप, झोप इथे!"

मास्तरांनी शब्द गिळला. स्वतः लखनची चप्पल काढली, त्याला खाटेवर निजवला आणि उशाशी बसले. तो सारखा दाराकडे बघत होता. मास्तर त्याच्या दुसऱ्या हातावर हात ठेवून होते. वरून पाहणाऱ्याला माया वाटली असती, पण पकड घट्ट होती. पिशवी भरली. तपासण्या अर्ध्या तासात उरकल्या आणि मोहनसिंग ती पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडून पळाला.

मग नुसतं बसणं. कोणी चहा आणला, कोणी प्यायलं नाही. दिवस कलताना असरची अजान झाली, वर नमाज झाली; खाली यार्डातून आलेली माणसं भिंतीकडेने उकिडवी बसून होती. साडेसहाला मोहनसिंग दारात आला. रामीबाईनं त्याचा दंड धरून गदागदा हलवला.

"थांबलं," तो म्हणाला. "डोये उघडले तिनं. पोरगी मांगून राह्यली."

वीरेंद्र तोंडावर पंचा दाबून हुंदके द्यायला लागला. रामीबाई समोर येईल त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत सुटली.

लखन तेवढा खाटेवरून उठला नव्हता. तास उलटून गेला, उठ म्हणून दोनदा सांगून झालं, तरी पडून होता. सगळे दवाखान्याकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मास्तर, तो दगड माह्या हातचा होता."

"मले ठाऊक हाय. पायलं होतं मी."

लखन उठून बसला. "मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो, तं तू पळाला असता."