तांदळात पुरलेलं यंत्र

सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात हात घालून कानाचं यंत्र बाहेर काढलं, फुंकर मारली आणि कानाला लावून पाहिलं. मग पुन्हा तांदळात पुरलं.

"अजून ओलं असेल. मेलं माझंच डोकं ठिकाणावर नाही. अंघोळीला जाताना काढायचं राहिलं असणार."

"आई, शंभरदा सांगितलं होतं तुला," मुलगा बुटाची नाडी आवळत ओरडला आणि दार आपटून कामाला निघाला.

सुनेनं मान वर केली नाही. त्या यंत्रात पाण्याचा थेंबही गेला नव्हता. खरखरतंय म्हणून रविवारी तिनंच ते पलंगावर बसून उघडलं होतं. कारखान्यात ती असलीच यंत्रं जोडते. नव्या बायकांना पहिल्या दिवशी तीच बजावते, की वस्तूवर विद्युतभार तीन तऱ्हांनी येतो: घासून, भारलेल्याला शिवून, आणि कधीकधी न शिवता, नुसतं जवळ गेल्यानंही. म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय कशालाही बोट लावायचं नाही. आणि घरी ही शहाणी लोकरीच्या पांघरुणावरून सरकत पुढं झाली, पट्टा कारखान्यातल्या खिळ्यालाच ठेवून. चिमटा आत जाताच चट्टकन ठिणगी उडाली आणि यंत्र बंद पडलं. तिनं गुपचूप झाकण बसवलं आणि यंत्र सासूबाईंच्या उशाशी ठेवून दिलं.

आता ती भांडी पुसणाऱ्या सासूबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आई, ते मी बिघडवलं."

पाठ हलली नाही. बोलून टाकल्यावर तिला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पाठीला सांगायला कसली हिंमत लागते?

ती वळसा घालून समोर आली. ओठ दिसतील असं, सावकाश, पुन्हा म्हणाली.

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"ठाऊक आहे. पलंगाच्या टोकाशी मीच बसले होते ना. तू हात झटकलास तेव्हाच कळलं. डोळे शाबूत आहेत माझे."

सुनेनं तांदळाच्या डब्याकडे बोट केलं.

"ते त्याला दाखवायला गं," सासूबाई म्हणाल्या. "तो माझ्यावर ओरडला तर मला कुठं ऐकू येतं? तुला येतं."

खाली नवऱ्याची स्कूटर अजून सुरू होत नव्हती. सून तशीच अनवाणी जिना उतरायला लागली.